सातारा–रहिमतपूर रस्ता : एका नावाचा इतिहास

रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे जे दगड उभे असतात त्यांच्या डोक्याला रंग दिलेला असतो. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचे डोके पिवळे, राज्यमार्गाचे हिरवे. आजकाल हिरवा रंग दिसला की काहींच्या भुवया वर जातात, म्हणून आधीच सांगितलेले बरे : हा हिरवा बांधकाम खात्याचा आहे, आमचा नव्हे. त्या हिरव्या डोक्याखाली पांढऱ्या अंगावर काळ्या अक्षरांत पुढच्या गावाचे नाव आणि अंतर लिहिलेले असते. साताऱ्याहून पूर्वेला निघालेल्या माणसाला तिथे ‘रहिमतपूर’ हे नाव वाचायला मिळते. दर किलोमीटरला आकडा एकाने कमी होतो, नाव तेच राहते. या लेखात आम्ही त्या नावामागे जाणार आहोत.

राज्यमार्ग ही तशी दुय्यम प्रतीची वाट. १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने देशातल्या रस्त्यांच्या पायऱ्या ठरवल्या : वर राष्ट्रीय महामार्ग, खाली राज्यमार्ग, मग जिल्ह्याचे रस्ते, शेवटी गावरस्ते. महामार्गावरचा माणूस मुंबईहून बंगळूरला जातो, वाटेतली गावे त्याला उड्डाणपुलाखाली दिसतात. राज्यमार्गाचे तसे नसते. तो गावाच्या पोटातून जातो. एस.टी. स्टँड, भाजीबाजार, शाळा सुटलेली पोरे, कबरस्तानची भिंत, देवळाची कमान, उसाची ट्रॉली यांच्यामधून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये काढावी लागते. गावाचा इतिहास वाचायला हाच वेग बरा, असे आमचे मत आहे.

शिवाय ‘रस्ता’ हा शब्दच मुळी फारसी. त्यावर बांधलेला ‘पूल’ फारसी. जिथे उतरायचे तो ‘मुक्काम’ अरबी, दोन मुक्कामांमधली ‘मजल’ म्हणजे मंजिल. गावाची ‘हद्द’ अरबी. नाक्यावर द्यावी लागे ती ‘जकात’सुद्धा अरबी, फक्त वाटेत तिचा अर्थ बदलला. आपली जकात गरिबाच्या हाती पडते, नाक्यावरची सरकारच्या तिजोरीत गेली. मराठीने हे शब्द घेतले तेव्हा कुणाची परवानगी मागितली नाही आणि ते परके आहेत असेही कधी तिला वाटले नाही. मजल दरमजल करीत जाणाऱ्या वारकऱ्यालाही नाही.

साताऱ्याच्या बाहेर पडताना पाठीशी अजिंक्यतारा असतो. नावांचा विषय निघाला आहे तर या किल्ल्याचा एक दाखला इथेच देऊन ठेवतो. १७०० साली औरंगजेबाने वेढा घालून हा किल्ला घेतला आणि शहजादा आझमच्या नावावरून त्याचे नाव ‘आझमतारा’ ठेवले. काही वर्षांतच मराठ्यांनी किल्ला परत घेतला आणि बादशहाचे नाव बादशहाबरोबर गेले. जिंकलेल्या जागेचे नाव बदलण्याची हौस आजच्या राज्यकर्त्यांनी शोधून काढलेली नाही, ती बादशहालाही होती. आमच्यापैकी काहींना हे ऐकायला आवडत नाही. पण आपल्याला सोयीचे तेवढेच सांगायचे असेल तर इतिहासाच्या तासाऐवजी मुलांना खेळायला सोडलेले बरे.

रहिमतपूर साताऱ्यापासून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात सतरा मैल लिहिले आहे, म्हणजे वाट फारशी हललेली नाही. जायचे दोन मार्ग. एक संगम माहुलीवरून कोरेगावला जाऊन दक्षिणेकडे वळणारा, दुसरा थेट धामणेरवरून येणारा. कुठूनही गेलात तरी कृष्णा ओलांडावी लागते आणि पुणे–मिरज लोहमार्गही ओलांडावा लागतो. काठाने ऊस, त्यानंतर आले आणि हळद. कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा तर २०१६ पासून भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. धामणेर ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेत गाजलेले गाव. या मुलखाची काळी माती आणि तिच्यात राबणारी माणसे, यांत मुसलमान कुळेही आली, हे सगळे गाडीच्या काचेतून नीट दिसते.

हा रस्ता कुणाच्या पैशाने झाला, तेही शिक्षक म्हणून आम्हाला सांगावेसे वाटते. १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारचे राज्य खालसा केले. पुढे १८६० नंतर मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घेण्याची पद्धत आली. १८६९ च्या कायद्याने तिला पक्के रूप दिले. हा ‘लोकल फंड’. त्याचे दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना. म्हणजे जिल्ह्यातल्या मुरमाच्या सडका आणि खेड्यातली पहिली शाळा ही एकाच आण्याची लेकरे. कुणब्याने दिलेला, मुलाण्याने दिलेला, इनामदाराच्या कुळाने दिलेला तो आणा. त्या आण्यावर कुणाची जात लिहिलेली नव्हती.

कमंडलू नदीच्या काठचे रहिमतपूर आज नगरपालिकेचे गाव आहे आणि ही नगरपालिका १८५३ सालची. मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली त्याच वर्षीची! राज्य खालसा होऊन पाच वर्षे झाली नव्हती तोवर इथे पालिका बसली, याचा अर्थ गाव तेव्हाच व्यापाराने भरलेले होते. १९०१ च्या शिरगणतीत वस्ती सात हजारांच्या आत होती, पण पेठ मात्र मोठी. गूळ, हळद, भुईमूग, धणे इथून बाहेर जात. कापड आणि सूत बाहेरून येई. मराठी रंगभूमीवर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक आणणारे वसंत कानेटकर यांचा जन्म रहिमतपूरचा, हेही इथेच नोंदवून ठेवू. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्यातला बापलेकाचा सल रंगमंचावर आणणारा नाटककार, आणि त्याचे जन्मगाव आदिलशाही सरदाराच्या रौझाचे. हा योग मोठा अर्थपूर्ण आहे असे आम्ही म्हणणार नाही, पण गाव कसे एकमेकांत मिसळलेले असते ते त्यातून कळते.

आता त्या रौझाकडे वळू. रहिमतपूरच्या जुन्या वास्तू दोन : एक मशीद आणि एक रौझा. रौझा रणदुल्लाखानाचा म्हणून ओळखला जातो. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरातही तो विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाच्या काळातल्या याच नामांकित सरदाराच्या स्मरणार्थ बांधलेला दिसतो, असे लिहिले आहे. हा मुहम्मद आदिलशहा म्हणजे विजापूरच्या गोलघुमटाखाली निजलेला. १६२७ ते १६५६ ही त्याची कारकीर्द.

रणदुल्लाखान कोण, असे आमच्या वर्गात विचारले तर हात वर येत नाहीत. मराठी शाळेतही येत नसावेत. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, पण चौथीचा शिवरायांचा इतिहास बालभारतीचाच, भाषा फक्त उर्दू. त्यात मुले अफजलखानाला भेटतात. प्रतापगड, वाघनखे, जावळीचे रान, सगळे तोंडपाठ असते. त्या धड्याच्या आधीची तीस वर्षे मात्र बहुतेक मुलांच्या डोक्यात कोरी राहतात. आणि त्या कोऱ्या जागेत बाहेरचे लोक वाटेल ते लिहितात. आमच्या मते खरी हानी इथे होते.

त्या तीस वर्षांत रणदुल्लाखान आहे आणि त्याच्या शेजारी शहाजीराजे आहेत. १६३३ मध्ये मोगलांचा सेनापती महाबतखान दौलताबादेला वेढा घालून बसला, तेव्हा किल्ल्यातल्या निजामशाहीला रसद पोहोचवायला आणि मोगलांच्या छावणीवर छापे घालायला जी फौज बाहेर फिरत होती, तिच्यात रणदुल्लाखान आणि शहाजीराजे दोघेही होते. किल्ला पडला तो पडलाच. पुढे तीन वर्षे शहाजीराजांनी निजामशाहीचा एक लहान वारस मांडीवर घेऊन तिचा दिवा विझू दिला नाही. १६३६ मध्ये मोगल आणि विजापूर यांचा तह झाला आणि शहाजीराजे माहुलीच्या किल्ल्यात अडकले. (ही माहुली ठाण्याकडची. आपल्या रस्त्याजवळची संगम माहुली निराळी. परीक्षेत मुले दोन्ही एक करतात.) बाहेर मोगलांचा खान जमान आणि त्याच्या जोडीला विजापूरतर्फे हाच रणदुल्लाखान. शहाजीराजांनी त्याच्या मध्यस्थीने शरण येऊन आदिलशाहीची चाकरी पत्करली. कालचा मित्र आज वेढ्यात समोर उभा, आणि त्यानेच बाहेर पडायची वाट काढून दिली. त्या काळच्या राजकारणाला आजच्या झेंड्यांचे रंग लावले की हे समजायचेच बंद होते.

त्यानंतर दोघे बरोबर कर्नाटकात उतरले. १६३७ मध्ये इक्केरीच्या वीरभद्र नायकावर स्वारी झाली. १६३८ मध्ये केंपेगौडाकडून बंगळूर घेतले. मोहिमेचा सरसेनापती रणदुल्लाखान, आणि बंगळूर सांभाळायला मिळाले ते शहाजीराजांना. आज ज्या शहरात आपल्या मुलांना नोकऱ्या मिळतात त्या बंगळुराशी भोसले घराण्याचे नाते जडले ते या रहिमतपूरकराच्या मोहिमेत. याच मोहिमांत रणदुल्लाखानाच्या हाताखाली आणखी एक सरदार पुढे येत होता. त्याचे नाव अफजलखान.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला रणदुल्लाखानाची जयंती करायची आहे का? मुळीच नाही. तो एका राज्याचा चाकर होता. स्वारीवर जाणारा सरदार जे जे करतो ते त्याने केले. इक्केरीच्या रयतेला त्याच्या फौजेने काही अत्तर लावले नसेल. एकदा वर्गात हा भाग सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “सर, ये अपना था क्या?” आम्ही त्याला उलट विचारले, “और शहाजीराजे?” तो थोडा थांबून म्हणाला, “वो तो उनके थे.” “मग दोघे एकाच छावणीत काय करत होते?” यावर वर्ग गप्प झाला. उत्तर आम्हीही दिले नाही. पुढच्या तासाला फळ्यावर नकाशा काढला आणि दोघांच्या वाटा एकाच खडूने दाखवल्या. बी.एड.ला पाठाचे जे टाचण करायला शिकवतात, त्यात या प्रसंगासाठी रकाना नसतो.

रणदुल्लाखान वारला तो १६४३ च्या सुमारास. शिवाजी महाराज तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. त्याच्या मुलाकडे ‘रुस्तुमेजमान’ हा किताब आला आणि दक्षिण कोकण व कारवारकडचा मुलूखही. अफजलखान मारला गेल्यानंतर दीड महिन्याने, २८ डिसेंबर १६५९ रोजी, कोल्हापूरजवळ महाराजांशी लढायला विजापूरने पाठवला तो हाच रुस्तुमेजमान, अफजलखानाचा मुलगा फाजलखान याच्यासह. विजापूरची फौज मोडली. राजापूर-कारवारच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांत मात्र हा रुस्तुमेजमान शिवाजीचा मित्र असल्याचे लिहिलेले सापडते. बापाचा शहाजीराजांशी स्नेह, मुलाचे महाराजांशी आतून सूत्र. यातला स्वार्थ किती आणि मैत्री किती हे मोजायचे कुणी? पण दोन घराण्यांची ओळख दोन पिढ्यांची होती एवढे नक्की.

आणि अफजलखान? पंढरपूर, मलवडी, रहिमतपूर, वाई असा त्याच्या १६५९ च्या स्वारीचा मार्ग इतिहासात सांगितला जातो. म्हणजे ज्याच्या हाताखाली तो वाढला त्याच्याच गावावरून तो वाईकडे गेला. रहिमतपूरला आलेले पर्यटक बहुधा एवढीच गोष्ट ऐकून जातात. एका मुक्कामाची गोष्ट सगळ्या गावाला चिकटली आणि ज्याचे हे गाव, तो बाजूला पडला.

रहिमतपुरात आमचे मन सर्वांत जास्त रमते ते रौझात नाही, मशिदीत नाही, तर मशिदीच्या आग्नेयेला थोड्या अंतरावर असलेल्या पाण्याच्या बुरुजापाशी. गॅझेटिअरात त्याची उंची सुमारे पन्नास फूट दिली आहे. बांधणी भक्कम, पश्चिमेच्या अंगाला चढत गेलेला उतार आणि पोटात हौद. मशिदीतल्या कारंज्याला पाणी द्यायचे हे यंत्र.

ते चालायचे कसे, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते, कारण मोट त्यांनी पाहिलेली नाही. विहिरीवर चाक, चाकावरून नाडा, नाड्याच्या एका टोकाला कातड्याची मोट आणि दुसऱ्या टोकाला बैल. बैल उताराने पुढे चालत गेले की मोट भरून वर येते, थारोळ्यात ओतली जाते. बैल मागे सरकले की मोट परत खाली जाते. बैलांच्या या वाटेला शेतकरी ‘धाव’ म्हणतो. साध्या विहिरीची धाव जमिनीवर असते. इथे पाणी उंचावर चढवायचे, म्हणून धावही उंचावर बांधून काढलेली. उंचीवरच्या हौदात साठलेले पाणी नळातून खाली सोडले की आपल्या भाराने कारंज्यात उसळी घेते. पंप नाही, वीज नाही. उंचीचा आणि उताराचा हिशेब तेवढा चोख हवा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात द्रवाच्या दाबाचा जो धडा आहे तो रहिमतपुरात दगड-चुन्यात बांधून ठेवला आहे. वजूला बसणाऱ्याच्या हातावर पडणारे पाणी बैलाच्या आठ पायांनी वर चढवलेले असे.

आणि बैल हाकणारा कोण होता? दगड घडवणारे पाथरवट, चुना मळणारे, मोट शिवणारे चांभार, नाडा वळणारे मांग. कारंजे मशिदीचे असले तरी त्यामागची मेहनत अठरापगड होती. त्यांची नावे गॅझेटिअरात नाहीत, फारसी तवारिखांत नाहीत आणि मराठी बखरींतही नाहीत. मुसलमान सरदारांची बाजू मांडताना आपल्याकडचे लेखक सरदारांवरच थांबतात, ही आमची जुनी तक्रार आहे. दख्खनी मुसलमान म्हणजे फक्त खान आणि पठाण नव्हेत. शिकलगार, बागवान, आतार, तांबोळी, मणेर, मुलाणी, पिंजारी ही आपली बहुसंख्या. रणदुल्लाखानाच्या वंशाचा दावा करणारे आपल्यात पुष्कळ निघतील. त्या बुरुजावर बैल हाकणाऱ्याचा वंश सांगायला मात्र कुणी पुढे येत नाही. तो कदाचित आमचाच असेल.

इंग्रजी अमदानीत रहिमतपूरचे भाग्य पुन्हा रस्त्यानेच फिरवले. त्याआधी या भागातला माल बैलगाड्यांनी आणि लमाणांच्या तांड्यांनी साताऱ्याला, पुण्याला, किंवा कऱ्हाडकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण बंदराला जाई. १८९० च्या आसपास पुण्याहून मिरजेकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वे पुरी झाली आणि रहिमतपूरला स्टेशन मिळाले. पण गावात नव्हे, गावापासून काही किलोमीटर दूर पश्चिमेला. लहान गेजची ती गाडी १९७१ मध्ये रुंद गेजवर गेली. स्टेशन दूर पडल्यामुळे गावाला जोडणारा रस्ता महत्त्वाचा राहिला. टांगेवाले, हमाल, अडत्ये यांची पोटे त्यावर भरली.

पूर्वेला औंध संस्थान. त्याचेही जवळचे स्टेशन रहिमतपूरच. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात हे लहानसे संस्थान देशभर चर्चेत होते. १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याच्या साहाय्याने राजाने आपली सत्ता खेड्यांच्या पंचायतींकडे सोपवली. राजानेच राज्य सोडून द्यावे ही गोष्ट तेव्हा कुणाला खरी वाटेना. ते पाहायला येणाऱ्यांना रहिमतपूरला उतरूनच पुढे जाणे सोयीचे होते.

रहिमतपूर हे नाव उर्दूत लिहायला सांगितले की आमची मुले अडखळतात. दगडावर वाचतात ‘रहिमत’, पण कागदावर लिहायचे रे, बडी हे, मीम, ते, म्हणजे ‘रहमत’. मधली वेलांटी कुठून आली? ती मराठीने दिली. मराठी जिभेला दोन व्यंजने एकमेकांवर आदळलेली चालत नाहीत, ती मध्ये एक स्वर सरकवते. हुक्मचा हुकूम झाला, जख्मची जखम झाली, फिक्रची फिकीर झाली, तशी रहमतची रहिमत. म्हणजे या नावात शब्द अरबी, ‘पूर’ संस्कृत आणि मधली वेलांटी मराठी. तीन भाषांनी मिळून एक गाव लिहिले. यातून कोणती भाषा काढून टाकायची आणि काढल्यावर काय उरेल?

हा प्रश्न हौसेने विचारलेला नाही. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे २०२३ मध्ये गेली, अहमदनगर २०२४ मध्ये गेले. आणि २०२५ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने विधानसभेत जाहीर केला. इस्लामपूर रहिमतपूरपासून काही दूर नाही, मध्ये कऱ्हाड तेवढे. त्याच वर्षी १५ एप्रिलला अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपालिकेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू असावी की नाही या वादात सर्वोच्च न्यायालयाने उर्दूच्या बाजूने निकाल दिला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे हे स्पष्ट सांगितले. एकाच वर्षी, एकाच राज्यातल्या पाट्यांसंबंधी या दोन गोष्टी घडल्या. रहिमतपूरच्या नावाला आज कुणी हात घातलेला नाही. उद्या घातला तर त्याला औरंगजेबाच्या आझमताऱ्याची गोष्ट सांगावी, आणि त्याच्या आधी आपल्या मुलांना ती सांगून ठेवावी.

रहिमतपूर सोडून आग्नेयेला गेले की खटाव तालुक्यातले पुसेसावळी लागते. इथे गाडी थांबवल्याशिवाय पुढे जाऊ नये असे आम्हाला वाटते. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन या गावात जमाव चालून आला. मशिदीत घुसून नमाजासाठी आलेल्यांना मारहाण झाली. दुकाने आणि वाहने जाळली गेली. एक तरुण मारला गेला, अनेक जखमी झाले. जिल्ह्यातले इंटरनेट बंद करण्यात आले. त्या तरुणाचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांचे दुःख त्यांचे आहे, ते आमच्या लेखाचे साहित्य नाही. पण सातारा जिल्ह्यातले जुने लोक त्या दिवसांत एकच वाक्य बोलत होते : आपल्याकडे असे कधी होत नव्हते. त्या वाक्यात दुःख होते आणि गाफीलपणाही होता. आपल्याकडे होत नव्हते, कारण एकमेकांच्या गोष्टी माहीत असलेली माणसे गावात होती. ती गेली आणि त्यांच्या जागी मोबाइलचा पडदा आला. रणदुल्लाखान आणि शहाजीराजे एका छावणीत होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कुणीही काहीही पटवू शकतो. अर्थात इतिहासाचा एक धडा नीट शिकवला असता तर ती रात्र टळली असती, इतके भाबडे आम्ही नाही. हातात काठी घेतलेल्याला धडा ऐकायला वेळ नसतो. धडा त्याच्या आधी, चौथीच्या वर्गातच द्यावा लागतो, आणि दोन्ही माध्यमांच्या वर्गांत.

पुसेसावळीच्या दक्षिणेला जिल्ह्याची हद्द ओलांडली की सांगली जिल्ह्यातले कडेगाव येते. मोहरमचे उंचच उंच ताबूत पाहायला सांगली-साताऱ्याकडचे लोक इथे वर्षानुवर्षे गर्दी करतात. ताबूत कळकाचे, मजल्यावर मजले चढवलेले, शंभर फुटांच्या वर जाणारे म्हणून प्रसिद्ध. त्यांतले काही ताबूत हिंदू घराण्यांच्या मानाचे आहेत, आणि बांधायला, उचलायला सगळ्या जातींचे खांदे लागतात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ताबुतांविषयी आपल्या उलेमांचे मत काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे, त्या वादात इथे शिरत नाही. आम्ही पाहतो ते एवढेच : आशुऱ्याच्या दिवशी चारी बाजूंनी ताबूत निघतात, चौकात येऊन एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटींसाठी रस्ता अडतो. एस.टी. थांबते, उसाच्या मोकळ्या गाड्या थांबतात. ड्रायव्हर खाली उतरून, हात कपाळाशी धरून वर बघत राहतो. तासाभराने गर्दी फाकते आणि गाड्या विट्याच्या दिशेने सुटतात.